मूलपेशी रोपण : कोरी वही उघडण्याचा कठोर उपचार



मी कापडाचा व्यापारी, डॉक्टर नव्हे. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीला स्क्लेरोडर्मा झाला. प्रथम थंडीत बोटे पांढरी-निळी पडत. पुढे कातडी ताठरली, जिना चढताना धाप लागू लागली. शरीराची राखण करणारी प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटते, असा हा विकार. त्या दिवसांत एका दवाखान्याने स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी पूर्ण बरे करण्याची हमी देऊन आगाऊ रक्कम मागितली. खोटे कशाला बोलू, आम्ही पैशांची जुळवाजुळव सुरूही केली होती.

सुदैवाने एका संधिवाततज्ज्ञांनी खरे रोपण कसे असते ते समजावले. रुग्णाच्याच रक्तातून मूलपेशी काढून गोठवून ठेवतात. मग तीव्र औषधांनी जुनी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकतात आणि त्या पेशी शिरेवाटे परत देतात. रोगावर घाव घालते ती ही पुसण्याची क्रिया. मूलपेशी रक्तनिर्मिती पुन्हा उभी करतात. आपण दिवाळीला नवी वही घालतो, पण जुनी बाकी तीत ओढतोच. येथे बाकी न ओढता कोरी वही उघडण्याचा प्रयत्न असतो, आणि तो दरवेळी साधतोच असे नाही. नव्या पेशी रुजेपर्यंत साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. वंध्यत्वाचा धोका असतो. बालपणीच्या लसीही पुन्हा टोचून घ्याव्या लागतात.

स्क्लेरोडर्मासंबंधी दहा देशांतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १५६ रुग्णांपैकी ७९ जणांना रोपण आणि ७७ जणांना दरमहा औषध, अशी विभागणी होती. पहिल्याच वर्षी रोपणाच्या गटात उपचारामुळे ८ मृत्यू झाले. औषधाच्या गटात उपचारामुळे एकही नाही. पुढील वर्षांत मात्र रोपण झालेल्यांचेच जगण्याचे प्रमाण अधिक राहिले. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्याला प्रथम तोटा व मग नफा हे गणित लगेच कळते. पण ते ८ आकडे नव्हते, ८ घरे होती. म्हणूनच रोपणापूर्वी हृदय व फुप्फुसे कसून तपासतात आणि ती फार खालावलेली असल्यास नकार देतात. हमी देणाऱ्या त्या दवाखान्याने भाचीचे हृदय तपासलेही नव्हते. आपल्या देशातील २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तपेशींच्या मान्यताप्राप्त रोपणाखेरीज मूलपेशींचा वापर केवळ रीतसर परवानगीच्या चाचणीतच करता येतो. आपल्या वैद्यकीय मदत समितीने असा अर्ज आल्यास धनादेशापूर्वी ती परवानगी पाहावी, ही विनंती.

हे सारे आकडे मी भाचीपुढे ठेवले. तिचा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. ती म्हणाली, “मामा, ते पहिलं वर्ष माझ्या नावावर कोण लिहून देणार?” तिने औषधेच स्वीकारली. तिचा निर्णय बरोबर की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. फुप्फुसे सध्या स्थिर आहेत. बोटे मात्र सरळ होत नाहीत. दुकानात आली की तागा उलगडायला मीच पुढे होतो.