लिव्हरसारखा दिसतो, पण लिव्हरचा नाही

आजचा विषय जरा जड आहे. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण गेल्या वर्षी घरात एक रिपोर्ट आला आणि त्यातला एक शब्द समजून घेण्यात माझे बरेच वीकेंड गेले. तो शब्द म्हणजे हेपॅटॉइड. ग्रीकमध्ये हेपार म्हणजे यकृत, आपलं लिव्हर. हेपॅटॉइड म्हणजे लिव्हरसारखा.

माझे काका इथेच विश्रांतवाडीत राहतात. साठी ओलांडलेली, दारूला कधी हात लावला नाही. वजन उतरायला लागलं, जेवण जाईना, म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये गाठी. रक्तात एएफपी नावाचं प्रोटीन तपासलं. मोठ्या माणसात ते साधारण 10 नॅनोग्रॅमच्या आत असतं, काकांचं हजारांत. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, लिव्हरचा कॅन्सर. मग भेटायला येणारे काकूला बाजूला घेऊन विचारायचे, "घ्यायचे का हो कधी?" काकू नाही म्हणायची. समोरचा मान हलवायचा, पण पटलेलं नसायचं. मला याचा अजून राग येतो. अहो, लिव्हरच्या खऱ्या कॅन्सरमागेसुद्धा हेपॅटायटिस बी, सी, फॅटी लिव्हर अशी कारणं असतात. दरवेळी बाटलीच शोधायची गरज नाही.

एका डॉक्टर मॅडमना मात्र काहीतरी खटकलं. सिऱ्होसिस नाही, हेपॅटायटिस निगेटिव्ह, गाठी सोडल्या तर लिव्हर ठणठणीत. लिव्हरचा कॅन्सर बहुतेक वेळा आधीच खराब झालेल्या लिव्हरमध्ये होतो. म्हणून त्यांनी एंडोस्कोपी करायला लावली, आणि जठरात जखम सापडली. तुकडा तपासल्यावर नाव कळलं, हेपॅटॉइड ॲडिनोकार्सिनोमा. सुरुवात जठरात, तिथून लिव्हरमध्ये पसरलेला, आणि मायक्रोस्कोपखाली बघाल तर पेशी लिव्हरच्या कॅन्सरसारख्या.

आता जठरातली पेशी लिव्हरचं सोंग का घेते? आपल्या प्रत्येक पेशीत जवळपास सगळा डीएनए तोच असतो. कोडबेस एकच, फक्त कुठली फीचर्स चालू आणि कुठली बंद, एवढाच फरक. गर्भात जठर आणि लिव्हर दोन्ही एकाच नळीतून तयार होतात, म्हणजे जुने शेजारी. कॅन्सरमध्ये हा बंदोबस्त बिघडतो आणि जठरातल्या पेशी लिव्हरचं काम करायला लागतात. एएफपी बनवतात, काही वेळा पित्तसुद्धा. एएफपी हे मुळात गर्भाचं प्रोटीन. जन्माच्या वेळी ते बाळात हजारोंनी असतं आणि वर्षभरात उतरतं.

1963 साली रशियात आबेलेव्ह यांना लिव्हर कॅन्सर झालेल्या उंदरांत हे प्रोटीन सापडलं, पुढच्या वर्षी तातारिनोव्ह यांना माणसांत. तेव्हापासून एएफपी म्हणजे लिव्हर, असं समीकरण डोक्यात बसलं. मग 1985 मध्ये जपानच्या इशिकुरा आणि सहकाऱ्यांनी जठरातल्या या प्रकाराचं वर्णन करून त्याला हे नाव दिलं. हा प्रकार सगळ्यात जास्त जठरातच दिसतो. फुप्फुस, पित्ताशय, स्वादुपिंड, अंडाशय इथेही सापडलाय, पण फारच क्वचित. आणि काही रुग्णांत एएफपी नॉर्मलही असतं, म्हणजे तोही भरवसा नाही.

नाव बदललं की उपचार बदलतात, खरा मुद्दा हा आहे. लिव्हरच्या कॅन्सरमध्ये काही जणांना ट्रान्सप्लांटचा पर्याय असतो. जठरातून पसरलेल्या कॅन्सरमध्ये नवीन लिव्हर बसवून उपयोग नाही. तिथे केमो जठराच्या कॅन्सरची द्यायची, हर-टू तपासायचं, पॉझिटिव्ह आलं तर त्यावरचं औषध वेगळं. काकांची केमो चालू आहे. हा कॅन्सर आक्रमक असतो, त्यामुळे घरात कोणी खोटा धीर देत नाही. पण निदान जो आजार आहे त्यावरच औषध चाललंय.

पेशी सारख्याच दिसत असतील तर ओळखायचं कसं? पॅथॉलॉजिस्ट वेगवेगळे स्टेन करतात. साल-फोर नावाचा एक आहे, तो हेपॅटॉइडमध्ये बहुतेक वेळा पॉझिटिव्ह येतो, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये सहसा नाही. एकट्या स्टेनवर निकाल लागत नाही, स्कॅन, एंडोस्कोपी, सगळं एकत्र बघावं लागतं.

तुमच्यातल्या ज्यांनी फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलंय आणि त्यात एएफपी वाढलेलं आलंय, त्यांनी लगेच गूगल करून रडत बसू नका. गरोदरपणात ते वाढतं, हेपॅटायटिसमध्येही वाढतं. तरुण मुलांमध्ये अंडकोषाच्या काही गाठींमुळेही वाढतं, आणि त्या वेळेत सापडल्या तर बहुतेक बऱ्या होतात, तेव्हा लाजू नका, दाखवा.

बायोप्सी झाली असेल तर लॅबकडे तुकड्याचा मेणातला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड असतात. सेकंड ओपिनियनसाठी त्या मागता येतात. आम्ही त्या मागून घेतल्या, पावतीवर सही केली, आणि नीट गुंडाळून परळला टाटा मेमोरियलला नेल्या. तिथे बाहेरच्या स्लाइड पुन्हा तपासतात. ब्लॉक उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. आणि रिपोर्टच्या फोटोवर भागत नाही, ब्लॉकच लागतो.