घर कुणाच्या कमाईवर चालते?

(घणसोली गावातील बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीनंतर एका बाईने मला मोबाईलवरचा हिशेब दाखवला. महिन्याची जमा ४४,००० रुपये! मुलाने सॉफ्टवेअर घालून दिले होते, ती रोज रात्री नोंदी करत होती. मी कौतुक केले. ती म्हणाली, "मग ताई, पैसा जातो कुठे? घरात तर सगळे म्हणतात, घर भाड्यावर चालतंय."

आम्ही दोघी बसलो आणि ते ४४,००० सुटे केले. डब्यांचे १८,०००, सुक्या मासळीचे ९,०००, खोलीचे भाडे ७,००० आणि गटाकडून घेतलेले कर्ज १०,०००. कर्ज ही कमाई नव्हे, ते देणे आहे. पण मुलाने आले तेवढे सगळे 'विक्री'त टाकले होते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, तेव्हा तेही तिच्या धंद्याचे नाही. उरले २७,०००. त्यातून डब्यांचा खर्च १३,५०० आणि मासळीचा ५,००० वजा केला, तर हातात ८,५००. म्हणजे भाड्यापेक्षा जास्त! शिवाय मासळी डब्यांच्या निम्म्याने विकली जाते, तरी डब्यांमागे ४,५०० आणि मासळीमागे ४,००० सुटतात. पहाटे चारला उठणे मात्र डब्यांसाठी. त्या उठण्याची मजुरी तर आम्ही अजून धरलेलीच नाही.

हे मी याच गावात मुद्दाम सांगते आहे. सिडको १९७० साली स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. सातबाऱ्यावर नावे बहुतेक पुरुषांची, त्यामुळे मोबदला आणि पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंडही बहुतेक त्यांच्याच नावे. शेतात राबलेल्या बाईचा हिशेब कुठल्या कागदावर होता? आता कागद आपल्या हातात आहे, तर त्यात तरी स्वतःला हरवू नका.

करायचे काय? सॉफ्टवेअरमध्ये एकच 'विक्री' खाते ठेवू नका. डब्यांचे वेगळे, मासळीचे वेगळे. कर्ज देण्यात. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉस्ट सेंटर' असते. त्यात तेलाचे एकच बिल दोन धंद्यांत वाटून टाकता येते. त्याच तेलातले घरच्या भाजीला किती गेले, ते 'उचल' म्हणून लिहा, नाहीतर धंदा तोट्यात दिसतो आणि जेवतात सगळे.

मासळीवाल्या बायांसाठी एक गोष्ट. आगोटीचा माल मे महिन्यात भरता, तो विकला जातो पावसात. मे महिन्यात तोटा दिसला म्हणून घाबरू नका. न विकलेला माल 'शिल्लक माल' म्हणून दाखवा. विकला तेवढ्याचाच खर्च त्या महिन्याचा.

आणि हो, दुकानावर चिकटवलेला क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे, ते आज घरी जाऊन बघा. पैसे मुलाच्या खात्यात जात असतील, तर बँकेत कर्ज मागताना तुमच्या पासबुकात काय दिसणार?

त्या बाईने तो हिशेब घरी ठेवला. नवऱ्याने बेरजा दोनदा तपासल्या. आता डब्याचा भाव वाढवायचा की डबे कमी करायचे, यावर त्या घरात वाद चालू आहे. सासूबाई डबे कमी करण्याच्या बाजूने आहेत.