बाळंतपण कोणाच्या भाषेत?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने बाळंतपणावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु एखाद्या व्यवस्थेचा खर्च कोणाच्या माथी मारला जातो, हा प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे.

कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तरेस नुनाविक हा इन्युइट या आदिम लोकांचा प्रदेश आहे. तेथून दक्षिणेकडे रस्ता नाही. विमानानेच जावे लागते. गेल्या शतकात सुरक्षिततेच्या नावाखाली तेथील गर्भवतींना दिवस भरण्याच्या कित्येक आठवडे आधी दूरच्या रुग्णालयांत धाडण्यात येऊ लागले. जवळ आई नाही, नवरा नाही, आपली भाषा बोलणारे कोणी नाही. घरची मुले मागे. सरकारी जमाखर्चात विमानाचे भाडे नोंदले जाई. या एकाकीपणासाठी मात्र रकाना नव्हता.

त्या स्त्रियांच्या आग्रहातून १९८६ साली पुविर्नितुक येथे प्रसूतिकेंद्र उभे राहिले. गावच्याच स्त्रियांना तेथे सुईणीचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळाले. पुढे १९९८ मध्ये इनुक्जुआक आणि २००४ मध्ये सालुइत येथे अशी केंद्रे निघाली. तेथे शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची सोय नाही. म्हणून सुईणी, डॉक्टर व परिचारिका यांची समिती प्रत्येक गर्भवतीचा आधीच विचार करते आणि धोका असेल तिला दक्षिणेस पाठविते. तरीही त्या किनाऱ्यावरील बहुतांश बाळे आपल्याच प्रदेशात जन्मतात. विज्ञान नाकारले गेले नाही. निर्णयाची जागा बदलली.

न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी याच विचाराला ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ म्हटले. सेवा सुरक्षित होती की नाही, हे सेवा देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवावयाचे, हे त्याचे मर्म.

आता आपल्याकडे पाहू. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने रुग्णालयातील प्रसूतीला पैशाचे पाठबळ दिले. ते योग्यच होते. रक्तस्राव सुरू झाला वा बाळंतीण अडली, तर रुग्णालयाला पर्याय नाही. परंतु मेळघाटातील कोरकू किंवा धडगावातील भिल्ल स्त्री रुग्णालयात आली, म्हणजे आपले काम संपले काय? तिची भाषा तेथे कोणास कळते? तिच्यासोबत आलेली दाई दाराबाहेर का बसते? आपणही आकडे मोजले आणि घरी राहिलेलीला अडाणी म्हटले. ही आपलीही चूक आहे.

२०१८ साली केंद्र सरकारने प्रशिक्षित सुईणींच्या सेवेसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांचा आधार घेऊन आपली मागणी स्पष्ट असावी: आदिवासी मुलींना त्यांच्याच जिल्ह्यात हे शिक्षण, पक्की नोकरी आणि पूर्ण वेतन, प्रसूतिगृहात सोबतीणीला प्रवेश, आणि आरोग्यकेंद्राच्या समितीत आदिवासी स्त्रियांना निर्णयाचा अधिकार.

मोर्चा काढण्यापूर्वी मात्र पाड्यावर जा, त्या स्त्रियांजवळ बसा आणि आधी ऐका. मागणीपत्रातील पहिले वाक्य त्यांचे असू द्या.