कथालेखकाची वही



कथा लिहूं पाहणारे तरुण आम्हां जुन्या शिक्षकांस विचारतात, "प्रगति कशानें मोजावी?" त्यांतील कांहींच्या वहींत मजकुरापेक्षां चित्रांच्या चौकटीच अधिक असतात, आणि घरांतील वडीलधाऱ्यांस तो वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसें वाटत नाहीं.

सातारा जिल्ह्यांतील औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. १९१६ सालीं त्यांनीं रामायणावरील आपलीं चित्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध करून संबंध कथा चित्रमालिकेंतून सांगितली. त्यांच्याच संस्थानांतील माडगूळ गांव आज सांगली जिल्ह्यांत मोडतो. तेथले व्यंकटेश माडगूळकर १९२७ सालीं जन्मले. लेखणीइतकाच कुंचलाही त्यांच्या हातीं रुळला होता. १९४९ सालच्या 'माणदेशी माणसं' या पुस्तकांत त्यांनीं एकेका माणसाचें शब्दचित्र रेखाटलें. धनगरांची संबंध वाडी जींत सामावली ती 'बनगरवाडी' कादंबरी १९५५ सालीं आली. आधीं माणूस, मग गांव, असा हा क्रम आहे.

चौकटींत मावेल तेवढेंच काढावें लागतें. म्हणून काय टिपावें नि काय वगळावें, हें चित्रकारास लवकर उमगतें. कथेसही हाच नियम लागू आहे. तेव्हां होतकरू लेखकानें भरलेलीं पानें मोजूं नयेत. आपण पाहिलेला एक तरी माणूस वाचकास दिसला कीं नाहीं, एवढें पाहावें.

आणि पालकहो, मुलाच्या हातची पेन्सिल काढून घेण्यापूर्वीं ती वही एकदां त्याच्याजवळ बसून चाळा.