मुख्य कचेरी आणि कामगार

आपल्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. मुख्य कचेरी पुण्याजवळ आकुर्डीला. तिथल्या आवारात २००७ पर्यंत गाड्याही बनत. साहेबांच्या कानावर यंत्रांचा आवाज तरी पडत असेल! मुंबईत नरिमन पॉइंटचे मनोरे समुद्र बुजवून उभारलेले. तिथे गिरणी कधी नव्हतीच. लोअर परळला मात्र १९८२ च्या संपानंतर बंद पडलेल्या कित्येक गिरण्यांच्या जागी आता काचेच्या कचेऱ्या आहेत. चिमणी गेली, लिफ्ट आली. अशा मनोऱ्यातून चालणाऱ्या एका कारखान्यात आम्ही मागणीपत्र दिले, की इथला व्यवस्थापक बिचारा म्हणतो, ‘वर कळवतो.’ हे ‘वर’ आम्ही कधी पाहिलेले नाही. म्हणून आमचे पहिले कलम पगाराचे नाही: सहीचा अधिकार असलेला माणूस वाटाघाटीला इथे येऊन बसला पाहिजे.