पायाखालची जमीन आणि संमतीचा हक्क
(श्रूजबरी येथील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय काहींना अनपेक्षित वाटेल. मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रॅकिंग होत नाही. मग श्रूजबरीच्या कुटुंबांनी त्याचा विचार का करावा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. न्यू इंग्लंडमध्ये निर्माण होणाऱ्या विजेपैकी सुमारे निम्मी वीज नैसर्गिक वायूवर तयार होते आणि त्या वायूचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेल या खडकाच्या थरातून येतो. हिवाळ्यात आपली मुले उबदार खोलीत अभ्यासाला बसतात, तेव्हा ती ऊब दुसऱ्या कोणाच्या तरी घराखालून आलेली असण्याचा पुष्कळ संभव असतो.

हे काम चालते तरी कसे? प्रथम जमिनीत एक-दोन किलोमीटर किंवा त्याहूनही खोल सरळ छिद्र पाडतात. मग ते आडवे वळवून मैल-दीड मैल पुढे नेतात. त्यातून पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने सोडून खडकास भेगा पाडतात आणि मोकळा झालेला वायू वर आणतात. एका विहिरीस लक्षावधी गॅलन पाणी लागते. यंत्र एका शेतात उभे असते. त्याची नळी मात्र शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराखालून, अंगणाखालून जाऊ शकते.

येथेच कायद्याचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत घराची जमीन एकाची आणि तिच्या पोटातील खनिजाचा हक्क दुसऱ्याचा, अशी विभागणी होऊ शकते. कित्येक राज्यांत पुरेशा शेजाऱ्यांनी करार केला, की उरलेल्यांची जमीन त्यांच्या इच्छेविरुद्धही योजनेत ओढता येते. शिवाय २००५ च्या ऊर्जाविषयक कायद्याने फ्रॅकिंगला पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेसंबंधीच्या संघराज्य कायद्यातील भूगर्भात द्रव सोडण्यावरील नियमांतून बव्हंशी सूट दिली.

या उद्योगाचे मोल सामान्य माणसास कसे मोजावे लागते, हे पेनसिल्व्हेनियातील डिमॉक या खेड्याने पाहिले. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साचलेल्या मिथेन वायूचा स्फोट झाला. पुढे अनेक घरांचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संबंधित कंपनीने न्यायालयात आरोपांचा प्रतिवाद न करण्याची भूमिका घेतली आणि नव्या नळयोजनेसाठी एक कोटी साठ लाख डॉलर्सहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले. या दोन तारखांमध्ये जवळजवळ चौदा वर्षे गेली. त्या काळात एखादे मूल शाळेत जाऊन शाळेबाहेरही पडते.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने ऐकली पाहिजे. कर्जात बुडालेल्या अनेक शेतकऱ्यांना या करारांनी हात दिला, रोजगार मिळाला, वायू स्वस्त झाला आणि कोळशाचा वापर घटला. हे सारे खरे आहे. परंतु लाभ एकाच्या पदरी आणि धोका दुसऱ्याच्या माथी, अशी वाटणी होत असेल, तर ज्याच्या माथी धोका येतो त्यास विचारले पाहिजे.

हाच आग्रह धरून न्यूयॉर्क राज्यातील ड्रायडन या छोट्या गावाने २०११ मध्ये आपल्या हद्दीत फ्रॅकिंगला मनाई केली. कंपनी न्यायालयात गेली. परंतु ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने गावाचा अधिकार मान्य केला. टेक्सासमधील डेंटन शहराचा अनुभव उलट आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील सुमारे ५९ टक्के मतदारांनी बंदीस कौल दिला आणि मे २०१५ मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. ब्रिटनमध्ये घराखालून तीनशे मीटरपेक्षा खोल छिद्र पाडण्यास मालकाची परवानगी नको, या प्रस्तावावर शासनाने जनतेची मते मागविली. चाळीस हजारांवर उत्तरे आली, त्यांतील ९९ टक्के विरोधात होती. तरीही २०१५ मध्ये तो कायदा झाला. मात्र लोक थांबले नाहीत. लँकेशायरमधील भूकंपाच्या धक्क्यांनंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रॅकिंग स्थगित करावे लागले.

बंधू-भगिनींनो, हे दुःख आपल्या मायभूमीस अपरिचित नाही. ज्या चंद्रपूर नगरीत १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्याच जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी, बंद पडलेली कोळशाची भूमिगत खाण होती. फ्रॅकिंग आणि कोळशाची खाण यांचे तंत्र निराळे. परंतु घराखाली काय चालले आहे हे घरात राहणाऱ्यासच ठाऊक नसणे, हा प्रकार एकच आहे.

बाबासाहेब विजेचे व उद्योगाचे विरोधक नव्हते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना खाणी आणि वीज ही खाती त्यांच्याकडेच होती. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातील. मात्र कागदावरचा हक्क वापरल्याविना हक्क ठरत नाही, हे त्यांनी महाडला दाखवून दिले. चवदार तळे खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता. तळ्यावर प्रत्यक्ष पाऊल पडले ते २० मार्च १९२७ रोजी. त्यानंतर नगरपालिकेने तो ठरावही मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय येण्यास १९३७ उजाडले. डेंटनच्या नागरिकांना हा इतिहास परका वाटणार नाही.

मग आपण काय करावे? आपल्या राज्यातही वायुवाहिनीचा प्रश्न आला होता. पेनसिल्व्हेनियातील वायू आणणाऱ्या एका मोठ्या प्रस्तावित वाहिनीविरुद्ध मॅसॅच्युसेट्समधील अनेक गावांच्या सभांनी ठराव केले आणि एप्रिल २०१६ मध्ये कंपनीने ती योजना थांबविली. श्रूजबरीचे वीजखाते शंभरांहून अधिक वर्षे गावाच्याच मालकीचे आहे आणि गावाचा कारभार निवडून दिलेली नगरसभा पाहते. वीज कोठून घ्यावी, हा विषय येथे आपल्या दाराशी आहे. जे नागरिक झाले आहेत त्यांनी मतदान करावे, नगरसभेसाठी उभे राहावे. जे झालेले नाहीत त्यांनी खुल्या बैठकांस जाऊन बसावे, ऐकावे, मुलांनाही न्यावे. घर घेताना खरेदीखतात जमिनीखालच्या हक्कांविषयी काय लिहिले आहे, हे वकिलाकडून समजून घ्यावे; विशेषतः जे पेनसिल्व्हेनिया, ओहायो वा टेक्सासकडे स्थलांतर करतील त्यांनी.

आपल्या पूर्वजांना गावाच्या निर्णयात स्थान नव्हते. निर्णय चावडीवर होत आणि ते चावडीबाहेर उभे असत. आज या गावाच्या सभागृहात आपल्यासाठी खुर्ची आहे. ती रिकामी राहू नये, आणि तेथे बोलताना डिमॉकच्या त्या विहिरीचे आपणांस विस्मरण होऊ नये, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय भीम! जय भारत!