बारावीच्या पुढची वाट शाळेने दाखवावी

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आताच कापसाच्या भावावर बोलणे झाले. त्याच हिशेबाला लागून असलेली एक गोष्ट आम्हाला मांडायची आहे. कापसाचा पैसा घरात येतो आणि जातो कुठे? दुकानदाराच्या उधारीत, दवाखान्यात. आणि आता तिसरा वाटेकरी झाला आहे तो म्हणजे क्लास.

दहावीचा निकाल लागला की काय होते ते आपण सगळे पाहतो. पोराला ऐंशी टक्के मिळाले की गुरुजी पाठीवर हात ठेवून म्हणतात, "सायन्सला टाका, लातूरला नाहीतर नांदेडला पाठवा." झाले मार्गदर्शन! मग नाव जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी कागदावर, आणि पोरगा शहरात क्लासला. फी, खोली, डबा धरून वर्षाला लाख रुपये लागले असे समजा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो पुरता पदरात पडला असे धरले, तरी लाखाला बारा क्विंटलच्या वर कापूस लागतो. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याने अडीच-तीन एकर नुसते क्लाससाठी पेरायचे. बियाणे, फवारणी, वेचणी यांचा खर्च वेगळाच.

क्लास लावू नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जे सांगायला पैसा लागत नाही ते तरी शाळेने सांगावे.

सायन्स म्हणजे डॉक्टर, असे आपण धरून चालतो. डॉक्टरकीची नीट वेगळी आणि राज्याची सीईटी वेगळी. २०२५ च्या नीटला १८० प्रश्न आणि ७२० गुण होते. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले की एक गुण वजा. सीईटी २०० गुणांची, तिथे चुकल्याबद्दल काही कापत नाहीत. म्हणजे नीटला येत नसेल तो प्रश्न सोडणे शहाणपणाचे आणि सीईटीला एकही प्रश्न कोरा ठेवणे वेडेपणाचे. एवढी साधी गोष्ट परीक्षेच्या खोलीत पहिल्यांदा कळलेली पोरे आम्ही पाहिली आहेत. सीईटी संगणकावर असते, आणि आमच्या शाळेतले संगणक कापडाखाली झाकून कुलपात ठेवलेले!

अभियांत्रिकी, औषधनिर्माण आणि बी.एस्सी. कृषी, या साऱ्यांची वाट सीईटीतून जाते. अकोला आणि परभणी ही दोन्ही कृषी विद्यापीठे आपल्या कोरडवाहू मुलखातली. कृषीच्या प्रवेशात घरच्या सातबाऱ्याचा अधिभार मिळतो. ज्या उताऱ्यावर आजवर फक्त बँकेचा बोजा चढला, तो एकदा तरी पोराच्या कामी येईल. पण हे शाळेत सांगतो कोण?

भाषेचेही तसेच. पहिली ते दहावी मराठीत शिकलेली पोर अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तकापुढे बसते. प्रकाशसंश्लेषण तिला पक्के ठाऊक असते, फोटोसिंथेसिस म्हटले की अडते. नीट मराठीतूनही देता येते. पण दोन वर्षे इंग्रजीत शिकवून पेपर मराठीत घ्या म्हणण्यात काय हशील? दहावीच्या वर्षातच दोन्ही शब्द शेजारी लिहून द्यायला मास्तरांना खडूशिवाय काय लागते?

आता कागदांचे. आमच्या ओळखीच्या एका घरातल्या मुलीला सीईटीत चांगले गुण पडले. जातीचा दाखला होता, पडताळणी नव्हती. दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी, हे त्या घरात कुणाला माहीत नव्हते. बारावीत असतानाच महाविद्यालयामार्फत जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करायचा असतो. कुणी बोलले नाही, आणि बाप वेचणीत गुंतलेला. राखीव जागा हातची गेली. मग दलाल भेटला आणि संस्थेच्या कोट्यातून पैसे भरून प्रवेश झाला. इथे दुसरा फटका बसला. २०२४ च्या जुलैत शासनाने निर्णय काढला आहे: आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. (आठ लाख! आपल्यातल्या कुणी पाहिले असतील तर हात वर करावा.) पण ही माफी शासनाच्या प्रवेश फेरीतून आलेल्या मुलीलाच मिळते, कोट्यातून आलेलीला नाही. त्या बापाने बैलजोडी विकली. शाळेच्या फळ्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या तर ती दावणीला राहिली असती.

तेव्हा वेचणी सुरू होण्याआधी प्रत्येक गावातून पाच-सात जणांनी, त्यात दोन तरी बायांनी, मुख्याध्यापकांना भेटावे. भांडायला जाऊ नये. त्यांच्याकडेही माणसे कमी असतात हे आम्ही जाणतो. दहावी-बारावीच्या पालकांची एक सभा मागावी, कागदांची यादी फळ्यावर मागावी आणि संगणकाची खोली आठवड्यातून दोनदा उघडून मागावी. काय उत्तर मिळाले ते लिहून पुढच्या बैठकीला घेऊन या. नकार मिळाला तर तोही तारखेसह लिहा.